शब्द कोशात आहे, तरी खाली लाल रेघ: माझा अनुभव

नाशिकच्या पंचवटी परिसराची माहितीपुस्तिका मी लिब्रेऑफिस रायटर या लेखनाच्या संगणक-प्रणालीत तयार करीत होतो आणि रामकुंड, सीतागुंफा, काळाराम ही नावे स्वतःच्या शब्दकोशात घातल्यानंतरही त्यांच्याखालची, शब्द चुकीचा असल्याचे दाखवणारी लाल रेघ जात नव्हती. सेटिंगमधील रायटिंग एड्स या विभागात त्या कोशापुढे खूण होती, म्हणजे तो चालू होता. मात्र त्याची भाषा मराठी ठरवलेली होती आणि इतरांकडून आलेला मजकूर फाइलमध्ये हिंदी म्हणून नोंदलेला होता. अशा मजकुरासाठी मराठी कोश पाहिलाच जात नाही. सगळा मजकूर निवडून टूल्समधील लँग्वेज या पर्यायातून भाषा मराठी केल्यावर बहुतेक रेघा नाहीशा झाल्या.

उरला ‘पायऱ्या’ हा शब्द, आणि खरा कस तिथेच लागला. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक देऊन. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु शुद्धलेखन तपासनीस संकेतांक जुळवतो; त्यामुळे एका कीबोर्डने कोशात घातलेला शब्द दुसऱ्या कीबोर्डने टंकलेल्या मजकुरात अनोळखी ठरू शकतो. ‘शोधा आणि बदला’ वापरून मी सर्वत्र पहिले रूप केले. मराठीत काम करणाऱ्यांनी ही एकरूपता आधीच ठरवून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

‘रामकुंडावर’, ‘रामकुंडाच्या’ अशी रूपे मात्र वेगळी घालावी लागली, कारण साध्या नोंदीतून विभक्तीची रूपे आपोआप तयार होत नाहीत.