गोव्यात सेज: कधी लावावं, पावसात कसं जगवावं

सेज या स्वयंपाकात वापरायच्या सुगंधी पानांच्या झुडपाच्या बियांच्या पाकिटामागे बहुतेक एकच सूचना असते. शेवटचं गोठवणारं दंव पडण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी घरात बी पेरा आणि दंवाची भीती सरत आली की रोप बाहेर लावा. सूचना खरी आहे, पण थंड मुलखासाठी. फोंड्यात किंवा म्हापशात ती वाचून मार्चमध्ये बी पेरलं, तर रोप जेमतेम वीतभर होतं तोवर जून उजाडतो आणि झाड कुजून जातं. मग सगळीकडे सांगत सुटायचं, ‘गोव्याच्या उकाड्यात सेज होत नाही.’ उकाड्याने सेज रडतं, पण सहसा मरत नाही. मरतं ते मुळाशी तुंबलेल्या पाण्याने.

हे भूमध्य समुद्राकाठचं, चुनखडीच्या कोरड्या उतारांवरचं झुडूप. उणे २० अंशांचा गारठाही जुनं झाड सोसतं. थंड देशांतही हिवाळ्यात दगावलेल्या झाडांपैकी बरीचशी गारठ्यापेक्षा ओल्या, चिकट मातीनेच जातात. म्हणून तिथेही ते उतारावर नाहीतर उंच वाफ्यात लावतात. तिथला वैरी ऋतू हिवाळा, आपला पावसाळा. तेव्हा दिवस मोजायचे ते पावसापासून.

केव्हा

दिवाळीच्या पहाटे नरकासुर जळला की सुरुवात करा. ऑक्टोबरमध्ये ऊन तापतं, हवा चिकट असते आणि मध्येच संध्याकाळी गडगडून पाऊस येतो, त्यामुळे तेव्हा घाई नको. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पेरलेलं बी १० ते २१ दिवसांत उगवतं आणि झाडाला जूनपर्यंत सात महिने मिळतात. तयार रोप असेल तर डिसेंबरअखेरपर्यंत चालेल. फेब्रुवारीनंतर लावू नका, पुढच्या दिवाळीची वाट बघा.

रोप की बी

रोप घ्या. सेजचं बी वर्ष-दोन वर्षांत उगवण्याची ताकद गमावतं आणि दुकानातलं पाकीट किती दिवस उन्हात टांगलेलं होतं, देव जाणे. पेरायचंच असेल तर अर्धा सेंटिमीटर खोल पेरा.

सेजचं लॅटिन नाव म्हणून नर्सरीत नुसतं ‘साल्व्हिया’ मागितलंत तर लाल तुऱ्यांचं शोभेचं झाड हातात पडेल. पानओवाही कधीकधी सेज म्हणून खपवतात. त्याचं पान जाड, रसदार, कडेला गोलसर दातांचं असतं. सेजचं पान लांबट, राखाडी-हिरवं, बारीक सुरकुत्यांचं आणि हाताला खरखरीत मखमलीसारखं लागतं. चुरडल्यावर कापराच्या अंगाचा उग्र वास आला पाहिजे. ओव्याचा आला तर रोप परत ठेवा.

माती: सगळा खेळ इथे आहे

सेज जमिनीत लावू नका. आपली लाल माती कोरडी असते तेव्हा भुसभुशीत वाटते, पण चार पाऊस झाले की थापल्यासारखी घट्ट बसते. वर गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. कुंडीच लावा, मातीची, १० ते १२ इंचांची. बाहेरून ऑइलपेंट दिलेली नको, रंगाने कुंडीची छिद्रं बुजतात आणि भिंतीतून ओल बाहेर पडत नाही. प्लास्टिकची तर नकोच.

मिश्रण असं: चाळलेली लाल माती दोन भाग, नदीची जाड रेव दोन भाग, वर्षभर मुरलेलं शेणखत अर्धा भाग. रेव म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी. बारीक वाळू मातीत मिसळली की निचरा सुधारण्याऐवजी गिलावा तयार होतो. रेव मिळाली नाही तर चिरे तासताना पडलेला चुरा चाळून वापरा, फक्त त्यातली भुकटी टाकून द्या. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका, तिच्यातल्या मिठाने पानांच्या कडा जळतात.

लाल माती आंबट असते आणि सेजला चुनखडीची सवय. त्यासाठी बाजारात जायची गरज नाही. तिसऱ्यांचे शिंपले जेवण झाल्यावर फेकण्याऐवजी उकळून, धुऊन, वाळवून कुटा आणि मूठभर चुरा मिश्रणात घाला. चुना हळूहळू सुटतो, जास्त झाल्याची भीती नाही.

आता दोन सल्ले, जे ऐकून डोकं फिरतं. पहिला, ‘कुंडीच्या तळाला खड्यांचा थर द्या, निचरा होतो.’ होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते थराच्या वरच अडून राहतं. कुंडीत तळाशी जो चिखलाचा पट्टा राहणारच असतो, तो खड्यांमुळे तीन इंच वर सरकतो, म्हणजे थेट मुळांपाशी येतो. भोकावर एक वाकडं खापर ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढंच त्याचं काम. त्यावर तळापासून काठापर्यंत एकच मिश्रण भरा.

दुसरा सल्ला, ‘थोडं कोकोपीट घाला, माती हलकी होते.’ कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्याने माती हलकी होते, पण पाणी धरून ठेवते, आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे. शिवाय नर्सरीतली रोपं बहुतेक कोकोपीटमध्येच वाढवलेली असतात. तो गोळा तसाच कुंडीत बसवला तर बाहेरची रेवाळ माती कोरडी आणि आतला गोळा ओला स्पंज, असे दोन वेगळे कारभार एका कुंडीत चालतात. वरची माती सुकलेली दिसते म्हणून तुम्ही पाणी घालता आणि आत मुळं कुजत राहतात. लावण्याआधी गोळा बादलीत पाच मिनिटं बुडवा, बोटांनी सैल करा आणि निम्म्याहून जास्त कोकोपीट झाडून टाका. थोडी मुळं तुटतील, तुटू द्या.

रोप आधी होतं त्याच खोलीवर लावा. खोडाभोवती मातीचा ढीग नको, वर बोटभर रेव पसरा, म्हणजे खालची पानं ओल्या मातीला टेकत नाहीत.

मार्चपर्यंत

सहा तास ऊन. बोट दोन इंच खुपसून कोरडं लागलं की सकाळी बुडाशी पाणी. खत नको. दर आठवड्याला जीवामृत ओतलंत तर पानं केळीसारखी फोफावतील आणि वास गवताचा येईल.

रोप आठ इंचांचं झालं की शेंडे खुडायला लागा. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको, आणि पानं नसलेल्या जून लाकडात कात्री घालू नका, तिथून सहसा फूट येत नाही. फुलांची आशा धरू नका. वाळवणासाठी फेब्रुवारी-मार्च बरा. सावलीत पाच-सहा दिवसांत पान कुरकुरीत होतं. जुलैत वाळवायला ठेवलं तर बुरशीच मिळेल.

एप्रिल-मेमध्ये अकरानंतरचं ऊन टाळा. पानांच्या मागे बारीक जाळं आणि वर फिके ठिपके दिसले तर लाल कोळी आहे. तीन-चार दिवस सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मागच्या बाजूने मारा.

पाऊस

मेच्या पहिल्या आठवड्यात झाड तिसऱ्या हिश्श्याने छाटा आणि मधल्या दाट फांद्या काढा, आत हवा खेळली पाहिजे. त्याच वेळी शेंड्याचे चार-पाच तुकडे, तीन-चार इंचांचे, गाठीच्या खाली कापून, खालची पानं काढून ओल्या रेवेत खोचा. वर प्लास्टिकची पिशवी घालायला सांगतात, ती कोरड्या हवेची युक्ती. आपल्याकडे पिशवीत लवदार पान दोन दिवसांत काळं पडतं. सावलीत उघडे ठेवा, तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. हा तुमचा विमा.

मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी, कुंड्या छपराखाली गेल्या पाहिजेत. बाल्कांवची, म्हणजे घरापुढच्या छपराच्या ओट्याची, पूर्वेकडची बाजू उत्तम. उजेड भरपूर मिळतो आणि पश्चिमेची झड येत नाही. पावळीखाली ठेवू नका, तिथे तर उघड्यावरच्यापेक्षा जास्त पाणी पडतं. कुंडी दोन विटांवर ठेवा, खाली बशी नको.

पाणी? दहा-बारा दिवसांतून एकदा, तेही कुंडी उचलून हलकी लागली तर. झाड माना टाकेल तेव्हा खरी परीक्षा. पानं लोंबतात, बघणाऱ्याला वाटतं तहानलंय, आणि तो तांब्याभर पाणी ओततो. आधी माती चाचपा. माती ओली आणि पानं लोंबलेली, याचा अर्थ मुळं कुजली आहेत आणि समोर पाणी असूनही झाडाला ते पिता येत नाही. खोड बुडाशी काळं, मऊ लागलं तर मुळं वाचवण्याच्या, हळद टाकण्याच्या, कुंडी बदलण्याच्या भानगडीत पडू नका. वरचे हिरवे शेंडे त्याच दिवशी कापून रेवेत खोचा आणि बाकीचं झाड मातीसकट टाकून द्या. ती माती दुसऱ्या सेजला वापरू नका.

नीट जपलं तरी हे झाड आपल्याकडे दोन-तीन पावसाळेच काढतं. थंड देशांतही तीन-चार वर्षांत ते लाकडासारखं होतं आणि बदलावं लागतं. दर दिवाळीला तुकड्यांपासून केलेलं एक नवं रोप कुंडीत चढवा.

पानं लोण्यात मंद आचेवर अर्धं मिनिट परता. कडा आवळल्या, रंग गडद झाला की काढा आणि गरम पोयीच्या, म्हणजे गोव्याच्या पोकळ पावाच्या, पोटात भरा. रोज काढा मात्र करून पिऊ नका. सेजमध्ये थुजोन नावाचं द्रव्य असतं आणि ते जास्त झालं तर बाधतं. गरोदर बायकांनी तर काढा टाळावाच.