परदेशी क्लबकडून बास्केटबॉल खेळायचंय? आधी इम्पोर्टची जागा समजून घ्या

खेळणाऱ्या मुली मला हमखास विचारतात, "ताई, तिकडे उंची किती लागते?" उंची लागतेच. पण युरोपातला क्लब तुमचा व्हिडिओ उघडण्याआधी पासपोर्ट कुठला आहे ते बघतो. नागपुरात खेळत होते तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एम.एस.साठी जर्मनीत आले, इथल्या एका क्लबच्या दुसऱ्या महिला संघातून रिजनल लीग खेळायला लागले, पहिल्या संघाबरोबर सराव करायला मिळाला आणि त्या संघातल्या अमेरिकन गार्डबरोबर (गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी खेळाडू) एका घरात राहिले. या खेळात पोट कसं भरतात, ते तेव्हा जवळून पाहिलं.

बहुतेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते. जर्मनीत पुरुषांच्या बुंडेसलीगात, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, 12 जणांच्या संघात किमान 6 जर्मन हवेत. बाहेरून आणलेल्या खेळाडूला सगळे 'इम्पोर्ट' म्हणतात. क्लब मोजक्या इम्पोर्टवर पैसा लावतो तो गुण करून सामने जिंकून देण्यासाठी, आणि अमेरिकन कॉलेजांतून तयार खेळाडू दरवर्षी ढिगाने बाहेर पडतात. म्हणजे तुमची स्पर्धा संघातल्या जर्मन मुलीशी नाही, त्या अमेरिकन मुलीशी आहे. गीतू अ‍ॅना जोस ही भारताची खेळाडू 2006 साली ऑस्ट्रेलियात रिंगवुड हॉक्सकडून खेळली, 2011 साली डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या, तीन संघांनी तिची चाचणी घेतली, तरी तिथे करार झाला नाही. आपल्याच सतनाम सिंगला 2015 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (अमेरिकेतल्या पुरुषांच्या लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) डॅलस मॅव्हरिक्सने 52व्या क्रमांकावर निवडलं, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. हे दोघं कमी पडले असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांच्यासाठी दार किती अरुंद होतं, ते बघा.

त्यात व्हिसा. व्यावसायिक खेळाडू म्हणून जर्मनीत यायचं तर वय किमान 16 हवं, खेळाचा दर्जा त्या खेळाच्या जर्मन महासंघाने मान्य करायला हवा आणि कर कापण्याआधीचा पगार पेन्शन विम्याच्या मासिक मर्यादेच्या (जितक्या पगारापर्यंत पेन्शनचा हप्ता कापतात त्या रकमेच्या) निम्मा तरी हवा. 2025 च्या हिशोबाने महिन्याला 4,025 युरो. खालच्या लीगमधल्या क्लबांना, त्यातही महिलांच्या, हा आकडा झेपत नाही. म्हणून आपल्याकडच्या मुलामुलींसाठी मला शिक्षणाचा रस्ता जास्त खरा वाटतो. विद्यार्थी व्हिसावर वर्षात 140 पूर्ण दिवस काम करता येतं. क्लबात लहान मुलांना खेळ शिकवण्याचं मानधन वेगळ्या सवलतीत बसतं, 2025 पर्यंत वर्षाला 3,000 युरोपर्यंत करमुक्त. माझा खर्च यातून निघाला नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, ते घरातूनच आले. पण क्लबमुळे शहरात ओळखी झाल्या, आणि बोलीभाषा तर मी सगळी अंडर-12 च्या पोरांकडून शिकले.

हो, पोरांना शिकवणं हा इथल्या कामाचाच भाग आहे. माझी रूममेट पूर्ण पगारी खेळाडू होती. तरी सकाळी शूटिंग आणि जिम, दुपारी शाळकरी मुलांचे दोन वर्ग, रात्री संघाचा सराव, असा तिचा दिवस जायचा. हॉल महापालिकेचा, आधीचा तास हँडबॉलवाल्यांचा. ते चेंडूला चिकट राळ लावतात, ती जमिनीवर सांडलेली असली की ड्रिबल करताना चेंडू क्षणभर धरल्यासारखा होतो. घरच्या सामन्याला मुलांचे आईवडील केक विकतात, दुसऱ्या संघातल्या आम्ही स्कोअर टेबलवर बसतो. एनबीए डोळ्यांसमोर ठेवून येणाऱ्याला हे खटकतं. मला हे फार आवडलं, कारण क्लब सगळ्यांचा आहे हे तिथे दिसत होतं.

खेळाबद्दल एकच गोष्ट सांगते, पण ती नीट ऐका. आपल्याकडे आपण धावतो. इथे हाफ कोर्टमध्ये विचार करावा लागतो. फिबा म्हणजे बास्केटबॉलचा जागतिक महासंघ. तिच्या नियमांत बचावातला तीन सेकंदांचा नियम (कोणाला अडवत नसताना बचावपटूने बास्केटखाली तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही, हा एनबीएतला नियम) नाही, त्यामुळे उंच खेळाडू बास्केटखाली ठाण मांडून बसू शकते आणि नुसत्या वेगाने आत घुसून काही होत नाही. पहिल्याच आठवड्यात कोचने पिक अँड रोलच्या (एक खेळाडू बचावपटूची वाट अडवते आणि मग स्वतः बास्केटकडे वळते, त्या चालीच्या) बचावावर सराव थांबवला, माझ्याजवळ आल्या आणि बुटाने माझा डावा पाय वीतभर मागे सरकवला. तेवढ्याने समोरच्या गार्डचा मधला रस्ता बंद झाला आणि तिला साइडलाइनकडेच जावं लागलं. असे वीतभर फरक ज्यांना कळतात, त्यांना क्लब ठेवून घेतो. म्हणून हायलाइट्स पाठवू नका, अख्खा सामना पाठवा. कोचला तुमचे बास्केट नव्हे, चेंडू हातात नसताना तुम्ही काय करता ते बघायचं असतं.

आता करार. संघ ओळीने हरत गेला तेव्हा आधी इम्पोर्ट बदलला गेला. रूममेटला संध्याकाळी फोन आला, आठवडा संपायच्या आत तिची खोली नव्या मुलीला हवी होती. पगाराचे दोन महिने अडकले होते. तिच्या करारात मध्येच काढल्यास काय, हे कलमच नव्हतं. मी हे तिच्या शेजारी बसून वाचलंय, म्हणून कळकळीने सांगते: आकडा हातात पडणारा की कर कापण्याआधीचा, पगार बारा महिन्यांचा की फक्त सीझनचा, घर आणि विमा कोणाकडे, गुडघा गेला तर एमआरआय आणि शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार, हे सगळं लिहून घ्या. आणि वाद झाल्यास तो बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्यूनलकडे जाईल, हे वाक्य करारात असू द्या. ही फिबाने 2007 साली सुरू केलेली लवाद संस्था. तिचं कायदेशीर ठाणं जिनिव्हात, काम इंग्रजीत. निवाडा न पाळणाऱ्या क्लबला नवे खेळाडू नोंदवण्यावर फिबा बंदी घालू शकते, म्हणून क्लब तिला वचकून असतात. ते कलम नसेल तर परक्या देशातल्या कोर्टाची पायरी चढावी लागते. एजंट घेतलात तर तो फिबाच्या परवानाधारकांच्या यादीत आहे का ते तपासा. आधी पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका.

एका देशाच्या महासंघातून दुसऱ्या देशात जाताना लेटर ऑफ क्लिअरन्स, म्हणजे आधीच्या महासंघाचं ना हरकत पत्र, लागतं. नवा महासंघ ते भारतीय महासंघाकडून मागवतो. तुम्ही नुसतं विद्यापीठात शिकायला आलात आणि खालच्या लीगमध्ये खेळणार असलात, तरी आधी कुठे नोंदणी होती ते क्लबला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर सीझन सुरू झाला तरी तुम्ही बाकावरसुद्धा बसू शकणार नाही.

इथला सीझन साधारण सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो, तयारी ऑगस्टपासून. संघ मात्र वसंतापासूनच जुळवायला घेतात, तेव्हा एप्रिल ते जूनमध्ये क्लबच्या पत्त्यावर मेल करा. दहा ओळी पुरेत: उंची, संघात कुठल्या जागेवर खेळता, पासपोर्ट, कुठल्या विद्यापीठात प्रवेश आहे, व्हिसा कुठला, आणि अख्ख्या सामन्याची लिंक. जर्मनमध्ये लिहिता आलं तर उत्तम. उत्तर आलं नाही तरी गावात पोचल्यावर सरावाच्या वेळी बूट घेऊन हॉलवर जा, बहुतेक ठिकाणी आधी खेळायला घेतात आणि मग नाव विचारतात.