थेरपीचा नंबर लागेपर्यंत घरी काय करायचं (ऑटिझम, दोन-तीन वर्षांची मुलं)

ओपीडीत मॅडम म्हणाल्या ऑटिझमची लक्षणं दिसतायत, पूर्ण असेसमेंट करू, आणि बाहेर काउंटरवर तारीख मिळाली ती तीन महिन्यांनंतरची. पोरगा तेव्हा 2 वर्षं 2 महिन्यांचा. आता तो सात वर्षांचा आहे आणि आमच्या विक्रोळीत कुणाच्या ना कुणाच्या ओळखीने मला अधूनमधून फोन येतोच, नाहीतर बायकोला, आणि प्रश्न एकच असतो की तारीख लांबची आहे, तोपर्यंत काय करू. दरवेळी अर्धा तास तेच सांगतो म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, शिफ्टची नोकरी करणारा बाप आहे, पण दुपारी घरी असायचो म्हणून थेरपीला घेऊन जाणारा मीच होतो.

आधी ज्यांनी अजून दाखवलंच नाहीये त्यांच्यासाठी. वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नाही, टाटा करत नाही, सोळा महिन्यांना एकही शब्द नाही, दोन वर्षांना स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर बघत नाही पण कुकरची शिट्टी बरोब्बर ऐकू येते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे येत असलेले शब्द गेले, यातलं काही असेल तर थांबू नका. आम्हाला एका डॉक्टरांनी सांगितलं होतं मुलगे उशिरा बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट बघा, आणि आमच्या आईनेही दुजोरा दिला की तुझे बाबा पाच वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते. यात आमचे सात महिने गेले. एम-चॅट म्हणून 20 प्रश्नांची यादी असते, 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी, डॉक्टरांकडे ती भरून घ्यायचा आग्रह धरा. त्याने निदान होत नाही, फक्त पुढे तपासायचं की नाही ते कळतं. आणि कानाची तपासणी, ओएई आणि बेरा, ही सगळ्यात आधी, कारण नीट ऐकूच येत नसेल तर पुढचा रस्ताच वेगळा होतो. एमआरआयमध्ये किंवा रक्तात ऑटिझम दिसत नाही, मुलाला बघूनच आणि तुम्हाला विचारूनच कळतं.

मुंबईत कुठे, तर केईएम, सायन, नायर, परळचं वाडिया, ही नावं बहुतेकांना माहीत असतात. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, लोकांना वाटतं ती फक्त कानाची, पण 2021 पासून तिथे सगळ्या प्रकारच्या अडचणी असलेल्या लहान मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर, म्हणजे लहानपणीच थेरपी सुरू करून देणारं केंद्र आहे. उम्मीद ही संस्था 2001 पासून मुंबईत हेच काम करतेय. दोन ठिकाणी नाव नोंदवून ठेवायला काही हरकत नाही, आम्ही तर तीन ठिकाणी नोंदवलं होतं.

आता घरचं. आम्ही पहिला महिना नुसता रडण्यात आणि युट्यूब बघण्यात घालवला. मग कुणीतरी सांगितलं की थेरपी म्हणजे आठवड्यातून दोनदा पाऊण तास, बाकीचा सगळा वेळ पोरगा तुमच्याकडेच आहे, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. गोव्यात आणि रावळपिंडीत एक अभ्यास झालाय, 2015 ला छापून आला, त्यात डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या हेल्थ वर्कर्सनी आईबापांना त्यांचेच मुलासोबत खेळतानाचे व्हिडिओ दाखवले, कुठे मूल काहीतरी सांगत होतं आणि तुमच्या लक्षात आलं नाही ते दाखवलं. काही महिन्यांत आईबाप मुलाच्या लयीत यायला लागले आणि मुलं स्वतःहून जास्त बोलवायला, दाखवायला लागली. जादू नाही झाली, पण हे घरात जमणारं काम आहे.

तर पहिलं, जमिनीवर बसा. त्याच्या समोर, डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. तो गाडी उलटी करून चाकं फिरवतोय ना, ती हिसकावून घेऊन "अशी चालवतात गाडी" करू नका, दुसरी गाडी घ्या आणि तुम्हीपण चाकं फिरवा. मला हे फार येड्यासारखं वाटायचं, चौथ्या की पाचव्या दिवशी त्याने माझं चाक थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं, तेव्हापासून नाही वाटत.

दुसरं, प्रश्न विचारणं बंद. "हे काय आहे? कावळा कसा करतो? सांग ना, आजीला सांग ना", आपल्याकडे पाहुणे आले की हीच परीक्षा असते. त्याऐवजी तो जे बघतोय त्याचं नाव घ्या आणि गप्प बसा. मूल एकही शब्द बोलत नसेल तर तुम्ही एकेकच शब्द बोला, एक बोलत असेल तर दोन. "बाळा तुला तहान लागली का, पाणी देऊ का तुला" नाही, नुसतं "पाणी."

तिसरं, आणि आमच्या घरी सगळ्यात चाललेलं, म्हणजे निळ्या झाकणाचा पारदर्शक डबा. त्यात त्याची आवडती बिस्किटं, झाकण घट्ट. दिसतं पण उघडत नाही, म्हणजे त्याला कुणाची तरी गरज पडते. तो डबा आणून माझ्या हातात द्यायचा, मी माझ्या तोंडाजवळ धरायचो आणि मनात दहा आकडे मोजायचो. हे दहा आकडे फार कठीण जातात, आपला हात आपोआप उघडायला जातो. बघितलं, हात लावला, "ऊं" केलं, काहीही चालेल, लगेच "उघड!" म्हणायचं आणि द्यायचं. रडेपर्यंत ताणायचं नाही, तो खेळ राहिला पाहिजे. आमच्या आईला हे पटायचं नाही, पोराला खाण्यासाठी रखडवता म्हणायची, मग तिला सांगितलं तू फक्त झोपाळ्यावर कर, झोका थांबव, तो बघेपर्यंत थांब, मग सोड. ते तिला जमलं आणि आवडलंही. घरातल्या प्रत्येकाला एकच काम द्या, सगळ्यांना सगळं शिकवायला गेलात तर भांडणं होतात.

भाषा. शाळा इंग्लिश मीडियम आहे म्हणून घरी मोडक्या इंग्लिशमध्ये "कम, सिट, ईट" सुरू करणारे मी कितीतरी बघितलेत. दोन भाषा ऐकल्याने ऑटिझमच्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्या भाषेत तुम्हाला लाडात बोलता येतं, रागावता येतं, त्याच भाषेत बोला. बोलत नसेल तर चित्रं दाखवून बोलता येतं, आयआयटी बॉम्बेने केलेलं जेलो नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात मराठीपण आहे. चित्रांमुळे मूल बोलायचा आळस करेल ही भीती सगळ्यांना वाटते, तसं होत नाही.

मोबाइल एकदम बंद केला तर घर डोक्यावर घेतील, आम्ही आधी जेवणातून काढला, मग महिन्याभराने बाकी.

थांबायच्या काळात एक फाइल करा. कोणता शब्द कधी आला, कधी गेला, झोप, खाणं, आणि दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ, नावाने हाक मारताना, एकटा खेळताना, जेवताना, इतर मुलांत. ओपीडीत मूल एकतर कोपऱ्यात बसतं नाहीतर टेबलावर चढतं, खरं काय ते तुमच्या मोबाइलमध्येच असतं.

याच काळात लोक येऊन काय काय सांगतात. लसीमुळे झालं म्हणणारे भेटतील, ज्या 1998 च्या पेपरवरून हे सुरू झालं तो 2010 मध्ये मागे घेतला गेलाय. आम्हाला एका क्लिनिकमध्ये स्टेम सेलचं पॅकेज सांगितलं होतं, हप्त्यांवर. आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था, तिच्या 2017 च्या गाइडलाइन्सप्रमाणे ऑटिझमसाठी ते संशोधनाच्या ट्रायलच्या बाहेर देताच येत नाही, आणि ट्रायलला पेशंटकडून पैसे घेत नाहीत. बायको तर दागिने मोडायला तयार होती, तिला दोष नाही देत, मीही बँकेत विचारून आलो होतो.

निदान झालं की अपंगत्वाच्या सर्टिफिकेटला मागेपुढे करू नका. 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, इसा नावाची 40 मुद्द्यांची स्केल लावून टक्के काढतात, यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो. त्यावर नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची निरामय ही आरोग्य विम्याची पॉलिसी मिळते, वर्षाला 1 लाखापर्यंत, थेरपीचे पैसेही ठराविक मर्यादेत निघतात. "पोराच्या नावावर शिक्का बसेल" असं आमच्या घरीही झालं, पण थेरपीची फी दर महिन्याला भरावी लागते.

आणि लोकलची सवय आत्तापासूनच लावा, कारण थेरपीला जायचं म्हणजे ट्रेन आलीच. दुपारी दोन-अडीचची स्लो, एकच स्टेशन, विक्रोळी ते कांजूर, उतरायचं, भेळ खायची, परत. जाण्याआधी मोबाइलमध्ये फोटो दाखवायचे, स्टेशन, गाडी, भेळ, घर, याच क्रमाने. गाडीचा हॉर्न वाजला की तो कान दाबून खाली बसायचा, तर आवाज अडवणारे कानावरचे हेडफोन घेतले, बांधकामावरचे लोक घालतात तसले साधे.

शेवटचं, काउंटरवर सांगून ठेवा की कुणी कॅन्सल केलं तर फोन करा, आणि सोमवारी सकाळी स्वतःच फोन लावा. आमचा नंबर असाच तीन आठवडे आधी लागला, फोन पावणेदहाला आला आणि साडेअकराला परळला पोचायचं होतं. म्हणून पिशवी भरलेलीच ठेवा, एक जोड कपडे, फाइल, पाणी, हेडफोन आणि तो निळ्या झाकणाचा डबा.