इग्निशनच्या कामासाठी मेकॅनिक कसा पारखावा

गॅरेज शोधण्याआधी गाडीची लक्षणं नीट टिपून ठेवा. चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येऊन दिवे मंदावत असतील, तर संशय आधी बॅटरी आणि तिच्या टर्मिनलवर. पूर्ण चार्ज बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा स्पार्क किंवा इंधन तपासायचं. चावीच फिरत नसेल तर स्टिअरिंग थोडं हलवून पाहा. बरेचदा लॉकच अडकलेलं असतं.

आता मेकॅनिकला एकच विचारा: बिघाड नेमका कुठे आहे, हे कसं तपासणार? काहीही न तपासता थेट ‘कॉइल (स्पार्क प्लगला उच्च व्होल्टेज देणारा भाग) बदलू’ म्हणणारा नको. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर पी०३०२ हा बिघाडाचा कोड आला म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे, म्हणजे इंधन नीट पेटत नाही, एवढंच कळतं. दोष प्लगचा, कॉइलचा, वायरिंगचा, अगदी इंजेक्टरचाही असू शकतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर चांगला कारागीर दुसऱ्या आणि पहिल्या सिलिंडरच्या कॉइल आपसात बदलून बघतो. कोड पी०३०१ झाला, तर कॉइलच खराब. अशा तपासणीची मजुरी जरूर द्या. अंदाजाने बदललेले पार्ट त्याहून महाग पडतात.

पार्ट, त्याचा ब्रँड, मजुरी आणि वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या. जुना पार्ट परत हवा, हे आधीच सांगा. चावीत चिप असेल तर इमोबिलायझर (चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) प्रोग्रॅमिंगचा खर्च त्यात धरलाय का, तेही विचारा. बिल बहुधा इथेच फुगतं.