थंडी सरताना कुंडीतली भाजी
मुंबईतली थंडी फेब्रुवारीतच काढता पाय घेते. मेथी-पालक फुलावर येण्याआधी कापून घ्या आणि त्याच कुंड्यांत भेंडी, गवार लावा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून साधारण 2 सेंटिमीटर खोल टोका. मातीवर सुक्या पानांचा जाड थर हवाच. सोसायटीतल्या बदामाची पानं फुकट मिळतात, फक्त झाडलोट होण्याआधी गाठायची. पाणी सकाळी, मुळाशी. पानांमागे मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसला तर 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण ढवळून संध्याकाळी फवारा. काकडी लावलीत आणि वरच्या मजल्यावर मधमाश्या फिरकत नसतील, तर सकाळी नरफूल तोडून मादीफुलावर हलकेच टेकवा. मादीफुलामागे इवलीशी काकडी असते, ओळखायला सोपं.