सेप्टिक टँकच्या या चुका टाळा (कोकणातल्या घरवाल्यांसाठी)

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या शहरांत भुयारी गटार नाहीच, त्यामुळे घरामागची टाकी हाच काय तो सांडपाणी प्रकल्प. पण टाकीत पाणी शुद्ध होतं हे आधी डोक्यातून काढा. गाळ खाली बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी बाहेर पडतं, जंतूंसकट.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तळाला काँक्रीट न करणं. चार बाजूंनी जांभ्याचा चिरा लावला, वर स्लॅब टाकला, झाली टाकी, आणि वर कौतुक की "आमची टाकी वीस वर्षांत भरली नाय!" अहो भरेल कशी, जांभ्याला भोकंच भोकं, सगळं खाली झिरपतंय आणि उताराला ज्याची विहीर असेल त्याच्या कळशीत जातंय. शोषखड्डा, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरवायचा खड्डा, विहिरीपासून 60 फूट तरी लांब हवा आणि विहिरीच्या खालच्या अंगाला हवा. जांभ्यात भेगा असल्या तर तेवढंही पुरत नाही, म्हणून पाऊस लागला की विहिरीचं पाणी लॅबमधून तपासून घ्या, नितळ दिसतंय यावर जाऊ नका.

दुसरी चूक, टाकीचा पाइप सरळ पऱ्यात, म्हणजे ओढ्यात. "पावसात जातं वाहून," म्हणतात. जातं कुठे पण? वाशिष्ठी घ्या नाहीतर जगबुडी, सह्याद्रीतून उतरली की लगेच खाडी, आणि भरती आली की खाडीचं पाणी उलटं वर चढतं, मग घाण तिथेच घोटाळते. खाडीतल्या शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या आणि कालवं, पाणी गाळूनच जगतात, त्यामुळे जंतू त्यांच्यात साठतात, आणि तोच वाटा आपण बाजारातून घासाघीस करून आणतो! शोषखड्ड्याला जागा नसेल तर टाकीतून बाहेर पडणारं पाणी खडी भरलेल्या, तळ पक्का केलेल्या चरातून न्या आणि वर कर्दळ लावा. मोरीचं पाणी माडाच्या आळ्यात खुशाल सोडा, संडासाचं नको.

जुलैत संडास गुडगुडतोय, पाणी उतरत नाही? आधी पागोळ्यांचा पाइप कोणी टाकीला जोडलाय का ते बघा, खूप ठिकाणी हेच निघतं. तसं नसेल तर जमिनीतलं पाणी वर येऊन शोषखड्डाच भरलाय, अशा वेळी टाकी उपसून काही होत नाही, परत भरते. आणि प्लास्टिकची किंवा फायबरची टाकी भर पावसात रिकामी केलीत तर खालच्या पाण्याने ती चक्क वर उचलली जाते, पाइप तुटतात ते वेगळंच. उपसा करायचा तो मार्च-एप्रिलमध्ये, दोन-तीन वर्षांतून एकदा, आणि नंतर टाकीत पाणी भरून ठेवा.

वास येतोय म्हणून अॅसिड, फिनेल ओतू नका, मैला कुजवणारे जंतूच मरतात. टाकीतला वायू बाहेर सोडणारा व्हेंट पाइप छपराच्या वर गेलाय का ते तपासा.

टाकीत माणूस उतरवायचा नाही. अजिबात नाही. आतला विषारी वायू जास्त झाला की नाकाला वाससुद्धा कळेनासा होतो, आणि हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवणं हा गुन्हाही आहे. मशीनवाली गाडीच बोलवा, आणि मैला कुठे नेऊन ओतणार ते पैसे द्यायच्या आधी विचारा. "ते आम्ही बघतो" असं उत्तर आलं तर गाडी परत पाठवा आणि नगरपंचायतीत विचारून दुसरी बघा, नाहीतर तुमच्या टाकीतलं रात्रीत वरच्या वाडीच्या पऱ्यात ओतलं जाईल.