एमिशन टेस्टला जाण्यापूर्वी मोटारसायकल स्वतः मोजून घ्यावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात धुराच्या तपासणीला लोक ‘एमिशन’च म्हणतात, कारण इकडे कर्नाटकात पीयूसी म्हटले की आधी अकरावी-बारावीच डोळ्यांसमोर येते. कोल्हापूरकडे त्या तपासणीचा कागद पीयूसी म्हणून ओळखला जातो आणि तो देशभर चालत असल्याने केए-२२ ची, म्हणजे बेळगावात नोंदलेली गाडी महाराष्ट्रात गेली तरी नवा काढावा लागत नाही. नव्या गाडीला नोंदणीपासून पहिले वर्ष त्याची गरज नसते. पुढे बीएस-४ आणि बीएस-६ (भारत स्टेज या प्रदूषण मानकांच्या चौथ्या व सहाव्या टप्प्यातल्या) गाड्यांसाठी त्याची मुदत एक वर्ष, तर त्याआधीच्या गाड्यांसाठी सहा महिने असते.

बहुतेक जण कागदावर फक्त पास झाल्याचे पाहतात. खरे मोल त्यावरच्या दोन आकड्यांना आहे. कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत, तर हायड्रोकार्बन पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे छापलेले असते. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकींसाठी मर्यादा ३.५ टक्के आणि ४,५०० पीपीएम, टू-स्ट्रोकसाठी ३.५ टक्के आणि ६,००० पीपीएम, तर त्या तारखेआधीच्या गाड्यांसाठी ४.५ टक्के आणि ९,००० पीपीएम अशी आहे. १९९६ मध्ये उत्पादन थांबलेली आणि इकडे अजूनही जिवापाड जपली जाणारी यामाहाची आरएक्स १०० या शेवटच्या गटात मोडते. बीएस-६ चे निकष याहून बरेच कडक आहेत.

पहिला आकडा वाढलेला असेल तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात आहे असे समजावे: चोक पूर्ण बंद होत नसेल, एअर फिल्टर तुंबला असेल किंवा कार्ब्युरेटरची सुई झिजली असेल. दुसरा वाढला असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे. अशा वेळी प्लग, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि पिस्टनच्या रिंगा तपासाव्यात.

टेस्टच्या पंधरा दिवस आधी एका वहीत गाडीची आजची स्थिती लिहावी. टायरची हवा गाडी थंड असताना भरावी, टाकी गाडी मधल्या स्टँडवर उभी करून काठोकाठ भरावी, किलोमीटर टिपावेत आणि नेहमीच्या रस्त्याने किमान दोनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर, त्याच रीतीने पुन्हा भरावी. २३१ किलोमीटरला ४.२ लिटर लागले, तर अ‍ॅव्हरेज ५५ आले. चोर्ल्याचा घाट एकदा चढून आणि पुढच्या वेळी कोल्हापूरच्या सपाट महामार्गावर चालवून काढलेल्या अ‍ॅव्हरेजची तुलना करण्यात अर्थ नाही. रस्ता, वजन आणि वेग शक्य तितके सारखे ठेवावेत.

त्यानंतर प्लग काढून पाहावा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी पेट्रोल जास्त जात असल्याची, तर ओला तेलकट थर ऑइल जळत असल्याची खूण आहे. जांबोटी-कणकुंबीकडे नेहमी जाणाऱ्यांनी फिल्टरचे झाकण उघडून आतल्या कोपऱ्यात बोट फिरवावे. बोटाला तांबूस पीठ लागले, तर पुस्तिकेतल्या मुदतीची वाट पाहू नये. तेल लावलेला कागदी फिल्टर मात्र हवा मारून साफ करायचा नसतो, तो बदलायचा असतो.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. फिल्टर, प्लग आणि एअर स्क्रू (कार्ब्युरेटरमधले हवेचे प्रमाण ठरवणारा) एकाच दिवशी हलवले, तर सुधारणा कशाने झाली हे मेस्त्रीलाही सांगता येत नाही. बीएस-६ गाडीत फिरवायला स्क्रू नसतो. इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर आधी तो दोष काढून घ्यावा.

टेस्टच्या दिवशी गाडी किमान पंधरा मिनिटे चालवून, इंजिन गरम असतानाच केंद्रावर न्यावी. केंद्र घराशेजारच्या पंपावरच असल्याने माझी जुनी गाडी मी चोक ओढून थेट नेली आणि कार्बन मोनॉक्साइड ४.१ टक्के आल्याने नापास होऊन परतलो. गावाला एक फेरी मारून आल्यावर, काहीही न बदलता, तोच आकडा २.६ वर आला. नळी सायलेन्सरमध्ये पुरेशी आत गेली आहे ना, हे स्वतः पाहावे, कारण ती तोंडाशीच राहिली किंवा सायलेन्सर सांध्याला फुटलेला असला, तर बाहेरची हवा मिसळून आकडा खोटाच कमी येतो. पास झाल्यावर दोन्ही आकडे, तारीख आणि किलोमीटर त्याच वहीत अ‍ॅव्हरेजच्या शेजारी लिहावेत.